खूणगाठ

फ्लिंट, मिशिगन. फेब्रुवारी.
गॅरेजचं शटर ओढून घेतलंय, रॉकेलचा हीटर फुरफुरतोय
आणि मी डॅशबोर्डखाली उताणी,
पाय सीटच्या पाठीवर, डोकं ब्रेकच्या पेडलशी,
बासष्टाव्या वर्षी झोपू नये तशी.

सत्तर सालची ब्यूइक.
इंजिन असं की बॉनेट उचललं
की शेजारचा ओडेल अजून टोपी काढतो.
पण वायरिंग!
उंदरांनी कुरतडलेलं, टेपनं बरबटलेलं,
एका फ्यूजच्या जागी च्युइंगमची चांदी.

एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या केबल जोडल्या,
खांबावर, खड्ड्यात, गुडघाभर बर्फात.
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी
ही माझी बाराखडी.
एक रंग चुकला की कुणाचा तरी फोन
भलत्याच घरात वाजायचा.

इथे तर तपकिरीला हिरवी,
हिरवीला पुढे लाल,
जणू अंधारात बसून जोडलंय.
मी म्हटलं, एमिल, काय करून ठेवलंस हे?
बाप गेल्यापासून मी त्याला नावानंच हाक मारते.
जिवंत असता तर चालवून घेतलं नसतं.

सगळं कापायचंच होतं.
नवं हार्नेस खोक्यात तयार, पैसे देऊन झालेले.
पक्कड लावली, तर बोटाला
काहीतरी टोचलं.
गाठ.
वायरीलाच मारलेली. घट्ट. मुद्दाम.
शेजारच्या वायरीला दोन.
तिच्या पलीकडे तीन.

टेस्टर लावला.
एक गाठ, मागचे दिवे.
दोन, उजवा इंडिकेटर.
तीन, हॉर्न.
एकही चुकलेली नाही.

मग आठवलं,
सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात उजवीकडे वळलं
की मागचे सगळेच दिवे मिचकायचे,
अख्खी गल्ली हसायची.
एका रात्री तो जेवण टाकून गॅरेजमध्ये गेला
आणि पुन्हा कधी मिचकले नाहीत.

परसात टोमॅटो हातात घेऊन विचारायचा,
"वर्ना, बघ गं, पिकलाय का?"
मला वाटायचं, मला शिकवतोय.
सिग्नलला कधी लाल म्हणाला नाही,
म्हणायचा, "वरचा लागलाय."
मोजे आई काढून ठेवायची, जोडीजोडीनं.
कारखान्यात सीट बसवायचा.
रंगखात्यात बढती आली, पगार वाढणार होता,
नको म्हणाला.
आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.
तिलाही ठाऊक नव्हतं का?
की मोजे ठेवता ठेवता कळलं होतं
आणि राग त्याचाच होता?
विचारायला आता दोघंही नाहीत.

आणि ही गाडी, लालभडक,
जिच्याकडे बोट दाखवून लोक थांबत,
तिचं कौतुक करताना तो फक्त म्हणायचा,
"आवाज ऐक. आवाज."

मी हीटर बंद केला. वास डोक्यात गेला होता.
ओडेल दारात कॉफी घेऊन उभा,
म्हणाला, "कापलीस का?"
म्हटलं, "नाही रे, वाचतेय."
तो काही बोलला नाही. कप बॉनेटवर ठेवू लागला,
मी ओरडले, त्यानं उचलला.

नवं हार्नेस शेवटी घातलंच.
भावनेवर हेडलाइट लागत नाहीत,
आणि आग लागली असती तर
एमिलनंच मला शिव्या घातल्या असत्या.
गाठींच्या वायरी कॉफीच्या डब्यात आहेत.

फक्त एक उरली.
ग्लोव्ह बॉक्सच्या मागून येते,
पाच गाठी,
आणि दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही.
नकाशात नाही. पुस्तकात नाही.
ओडेल म्हणतो, रेडिओसाठी असेल. मला नाही वाटत.
तिला करंट दिला नाही.
काढलीही नाही.